लग्नाची नोंद कुणाला नको आहे?

लग्नसराई सुरू झाली की एक वाक्य हमखास कानावर येते. मांडव उतरतो, पाहुणे पांगतात, सत्यनारायण होतो आणि कुणीतरी सहज विचारते, "नोंदणी केली का?" त्यावर घरातले कर्ते माणूस उत्तर देते, "कागदानं कुठं संसार होतो? आमची लग्नं अशीच झाली. काही अडलं का?" बाकीचे माना डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. असे म्हणणारे अडाणी नसतात. त्यांत शिक्षक असतात, बँकेतून निवृत्त झालेले असतात, सोसायटीचे सेक्रेटरी असतात. सातबाऱ्यावरच्या नावातली एक वेलांटी सुधारून घ्यायला तलाठ्याकडे महिनोन्‌महिने खेटे घालणारी हीच माणसे लेकीच्या लग्नाच्या नोंदीबद्दल मात्र बेफिकीर असतात. मला या बेफिकिरीची चीड आहे. तिची किंमत ती दाखवणाऱ्याला कधीच मोजावी लागत नाही. ती मोजते त्याची बायको, नाहीतर त्याची मुलगी.

त्यांची बाजू मी कमी करून सांगणार नाही. ते म्हणतात, लग्न हा संस्कार आहे. अग्नी आणि दोन्हीकडची पाचशे माणसे साक्षीला असताना सरकारी शिक्का कशाला? नोंद लागते ती व्हिसा काढणाऱ्यांना, नाहीतर घरी न सांगता आळंदी गाठणाऱ्यांना. सरळ मार्गाने संसार करणाऱ्याला ती आयुष्यात कधी लागत नाही. २०१६ च्या अखेरीस पासपोर्टसाठीसुद्धा विवाह प्रमाणपत्राची सक्ती उठली. नोंद नाही म्हणून लग्न रद्द ठरत नाही, हे खुद्द कायदाच सांगतो. २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की विधींशिवाय नुसते प्रमाणपत्र म्हणजे विवाह नव्हे. आणि एवढे असून नोंदणीला जावे, तर ग्रामसेवक जागेवर नाही, शहरात दारातच एजंट गाठतो, साक्षीदार पुन्हा गोळा करायचे, भटजींची सही आणायची. एवढा खटाटोप कुणासाठी?

यातली शेवटची तक्रार खरी आहे, तिच्याकडे येईनच. बाकीचे एकही म्हणणे टिकत नाही.

आधी संस्कार आणि कागद. आपल्याकडे लग्नात कागद नसतो, हेच मुळात खोटे आहे. सोयरीक जुळली की दोन्हीकडची जाणती माणसे बैठकीला बसून याद्या करतात. पोशाख कुणाचे, सोने किती, भांडी कोणती, मांडवखर्च कुणाकडे, मानपानाला किती जण, हे सगळे लिहून खाली सह्या होतात. मांडवाच्या तोंडाशी एक नातलग वही घेऊन बसतो आणि कुणी काय आहेर केला ते नावानिशी उतरवतो. ती वही वर्षानुवर्षे जपून ठेवतात, कारण परतफेडीच्या वेळी ती लागते. मागे जायचे तर मराठी राज्यात लग्नावर लग्नटक्का आणि विधवेच्या पाटावर पाटदाम असे कर होते, आणि वसुली म्हटली की हिशेब आलाच. म्हणजे लग्नाभोवती लिखापढी शतकानुशतके चालत आली आहे. पैशाची नोंद करताना संस्काराचे पावित्र्य आड आले नाही. मग दोन माणसांच्या नात्याची नोंद करतानाच ते का आड येते?

याचे उत्तर सह्यांमध्ये आहे. याद्यांवर पुरुषांच्या सह्या असतात. आहेराची वही घराण्याची असते. पत्रिकेत निमंत्रक म्हणून आजोबा आणि काका छापलेले असतात आणि नवरीच्या नावापुढे "यांची सुकन्या" येते. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखालचा नमुना 'ड' हा मात्र लग्नातला असा कागद आहे, ज्यावर नवरीचे लग्नाआधीचे पूर्ण नाव, तिचे वय, तिचा पत्ता असतो आणि खाली तिची स्वतःची सही असते. बैठकीला तिला बोलावलेले नसते, याद्या तिला दाखवलेल्या नसतात, तारीख आणि कार्यालय तिला विचारून ठरलेले नसते. या एका अर्जासाठी मात्र तिला स्वतः निबंधकापुढे उभे राहून सही करावी लागते, आणि त्यावरून मिळणारे नमुना 'ई'चे प्रमाणपत्र तिच्या नावाने निघते. ज्या घरात बाकी सगळे कागद वेळेवर होतात आणि हाच एक "पुढं बघू" म्हणून राहतो, तिथे तो विसरून राहिला असे मी मानत नाही.

आता साक्षीदारांचे बघू. पाचशे माणसे जेवून गेली हे खरे. पण वाद उभा राहतो तेव्हा त्यांतले किती जण तालुक्याच्या कोर्टात येऊन उभे राहतात? नवरा वारला आणि दिराने सांगितले की ही आमच्या भावाची बायकोच नव्हती, तर साक्ष कोण देणार? नवऱ्याकडची माणसे तर वादी आहेत. माहेरची माणसे तिचीच म्हणून त्यांच्या शब्दाला वजन कमी. भटजी वारलेले किंवा त्यांना आठवत नाही. अल्बम सासरच्या कपाटात, आणि तिला घराबाहेर काढले तेव्हा तो तिच्या हाती कुणी दिलेला नाही. तलाठ्याकडे वारसाच्या फेरफारावर हरकत पडते आणि नोंद वर्षानुवर्षे अडून राहते. निवृत्तिवेतनाच्या कार्यालयात शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, नवऱ्याच्या सेवापुस्तकात तिसरे. ही तिन्ही नावे एकाच बाईची, हे कशावरून? माहेरचे नाव आणि सासरचे नाव एका ओळीत बांधणारा अस्सल कागद विवाह नोंदणीचा असतो, आणि तोच नसतो. शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केलेल्या बायकांना आणि कोविडमध्ये नवरा गमावलेल्यांना दु:खाच्या पहिल्या आठवड्यातच कागदांची ही शोधाशोध सुरू करावी लागली आहे. "आमचं काही अडलं का?" असे विचारणाऱ्याने हा प्रश्न आपल्या गावातल्या एखाद्या विधवेला विचारून पाहावा.

पन्नास वर्षे संसार केला म्हणजे तरी पुरावा लागत नसेल? १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात बद्री प्रसाद यांचे प्रकरण निकालाला आले. सुमारे पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या त्या जोडप्याच्या लग्नालाच आव्हान दिले गेले होते. न्यायालयाने दीर्घ सहवासावरून विवाह झाला असे गृहीत धरले आणि ते योग्यच केले. पण अर्धशतकाचा संसार झाल्यावर तो संसार होता एवढे ठरवायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, याचा विचार "चार माणसांत लग्न झालंय" म्हणणाऱ्यांनी कधी केला आहे का? गृहीतक खोडून काढता येते. नोंदवहीतली ओळ खोडून काढणे फार अवघड असते.

उलट बाजूचा खटला आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. पहिली बायको हयात असताना दुसरे लग्न केल्याबद्दल भाऊराव शंकर लोखंडे यांच्यावर खटला झाला. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, कारण दुसऱ्या लग्नात आवश्यक विधी रीतसर झाले हे सिद्ध झाले नाही. मुंबई प्रांताने द्विभार्या प्रतिबंधाचा कायदा १९४६ मध्येच केला होता, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती बंदी देशभर नेली, आणि तरीही पुराव्याच्या या फटीतून माणूस सुटू शकला. तेव्हापासून दुसरेपणावर मांडव घालणाऱ्या कित्येकांनी ही फट वापरली आहे. देवळात हार घातले, सप्तपदी झाली की नाही कुणाला ठाऊक नाही, नोंद तर नाहीच. पहिलीला न्याय नाही, कारण दुसरे लग्न सिद्ध होत नाही. दुसरीला हक्क नाही, कारण पहिले लग्न आडवे येते. दोघींच्या मध्ये सुखरूप उभा असतो तो पुरुष. नोंद नसण्याचा फायदा कुणाला होतो, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगायचे?

२०२४ च्या निकालाचा दाखला देणाऱ्यांनी तो वाचलेला नसतो. त्या प्रकरणातल्या दोघांनी एका संस्थेकडून लग्नाचे प्रमाणपत्र घेतले, त्यावर सरकारी नोंदही करून घेतली आणि प्रत्यक्ष समारंभ पुढच्या तारखेला ठेवला. तो समारंभ झालाच नाही. न झालेल्या लग्नाची नोंद झाली म्हणून ते झाले असे होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. यात झालेल्या लग्नाची नोंद करू नका असे कुठे आले? प्रमाणपत्र हे झालेल्या विधीचा पुरावा आहे, हेच तर तो निकाल गृहीत धरतो. दुसरीकडे २००६ च्या फेब्रुवारीत, सीमा विरुद्ध अश्वनी कुमार या प्रकरणात, याच न्यायालयाने सर्व धर्मांच्या नागरिकांचे विवाह सक्तीने नोंदवले जावेत असे राज्यांना बजावले. नोंद नसल्याचा सर्वांत मोठा फटका बायकांना बसतो, ही राष्ट्रीय महिला आयोगाची भूमिका न्यायालयापुढे होती. तो निकाल सोयीने विसरायचा आणि हा अर्धवट सांगायचा, याला प्रामाणिक युक्तिवाद म्हणत नाहीत.

"नोंद नसली तरी लग्न वैध" हे मात्र खरे आहे. कायद्याने ती सवलत ठेवली, कारण नवऱ्याने किंवा सासऱ्याने टाळाटाळ केली तर तिची शिक्षा बाईला होऊ नये. तिच्या संरक्षणासाठी ठेवलेली ही तरतूद आज टाळाटाळीचे समर्थन म्हणून तिच्याच तोंडावर फेकली जाते. कायद्याने नव्वद दिवसांची मुदतही दिली आहे, ती कुणी सांगत नाही.

आता मला ज्या मुद्द्यावर अधिक बोलायचे आहे तो: नोंद असणे आणि नोंद सापडणे. विवाह नोंदणीचा विषय निघाला की सगळे प्रमाणपत्राबद्दल बोलतात. नोंदवहीबद्दल कुणी बोलत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या आठव्या कलमात लिहिले आहे की विवाह नोंदवही वाजवी वेळी पाहण्यासाठी खुली असावी, ती पुराव्यात ग्राह्य असावी आणि शुल्क भरून तिचा प्रमाणित उतारा मिळावा. विशेष विवाह कायद्याच्या प्रमाणपत्र पुस्तकालाही हाच नियम आहे. विधिमंडळांना आणि संसदेला हे समजत होते की लग्नाची नोंद फक्त त्या दोघांच्या उपयोगाची नाही.

का नाही, ते यमुनाबाई आढाव यांच्या प्रकरणावरून कळते. १९७४ मध्ये त्यांचे लग्न हिंदू पद्धतीने झाले. नवऱ्याची पहिली बायको हयात होती आणि ते लग्न कायम होते. पुढे छळ झाला, त्या बाहेर पडल्या आणि पोटगी मागितली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे लग्न मुळातच रद्दबातल असल्यामुळे त्यांना फौजदारी प्रक्रिया संहितेखाली पत्नी म्हणून पोटगी मिळणार नाही. पहिल्या लग्नाची आपल्याला कल्पना नव्हती, हे म्हणणेही उपयोगी पडले नाही. पंचवीस वर्षांनी, २०१३ मध्ये, महाराष्ट्रातल्याच आणखी एका प्रकरणात न्यायालयाने भूमिका बदलली आणि पहिले लग्न लपवून फसवलेल्या बाईला पोटगीपुरते पत्नी मानले. या पंचवीस वर्षांत अशाच फसलेल्या किती बायका रिकाम्या हाताने परतल्या असतील? आपण स्थळ पाहताना गोत्र विचारतो, नाडी बघतो, पगाराची पावती मागतो, शेती किती ते सातबाऱ्यावर तपासतो. मुलाचे आधी लग्न झालेले नाही ना, हे कशावर तपासतो? मध्यस्थाच्या शब्दावर. नोंद सर्रास होत असती आणि एका जागी शोधता येत असती, तर हा प्रश्न मुलीच्या बापाने दहा मिनिटांत निकाली काढला असता.

ती एका जागी नाहीच. गावात नोंद ग्रामपंचायतीत, लहान शहरात नगरपालिकेत, मुंबईत महापालिकेच्या वॉर्डात, विशेष विवाह कायद्याखालची नोंद नोंदणी व मुद्रांक विभागाच्या विवाह अधिकाऱ्याकडे. मांडव एका गावात, सासर दुसऱ्या तालुक्यात, नोकरी तिसऱ्या शहरात. शोधणाऱ्याने कुठल्या दारात उभे राहायचे? १९५३ च्या मुंबई विवाह नोंदणी कायद्याखालच्या जुन्या वह्या हव्या असतील तर कुठल्या कार्यालयाच्या कुठल्या खोलीत त्या आहेत, हे तिथल्या जुन्या कारकुनाच्या आठवणीवर अवलंबून असते.

२०२३ पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा सबंध महाराष्ट्राला जुन्या दप्तराची किंमत कळली. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने महसूल, शिक्षण, कारागृह अशा खात्यांची दप्तरे उघडायला लावली. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, घराघरांत चर्चेचा विषय झाले. मोडी वाचणारे शोधून आणावे लागले. कोतवाल बुकात जन्म आणि मृत्यू सापडतात. लग्न सापडत नाही. खापरपणजोबा कुठल्या साली जन्मले आणि कधी वारले ते निघते. खापरपणजी कुठल्या गावाहून आली, तिच्या बापाचे नाव काय, हे बहुधा कुठेच निघत नाही. आपल्या वंशावळी पुरुषांच्या नावांनी भरलेल्या असतात याचे एक मोठे कारण हे आहे की बाई एका घरातून दुसऱ्या घरात जाते त्या क्षणाची नोंद आपण कधी ठेवली नाही.

आणि ही उणीव सगळ्या समाजांत सारखी नाही. कॅथलिक चर्चने १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेत धर्मगुरूंना विवाहांची वही ठेवण्याचा आदेश दिला. वसईच्या आणि गोव्याच्या चर्चमधली परंपरा त्याच नियमातून आली. पारशी विवाह कायद्याखाली आशीर्वाद म्हणणाऱ्या धर्मगुरूला लग्नाचा दाखला सही करून निबंधकाकडे पाठवावा लागतो. निकाह लावताना काझी निकाहनामा लिहितो, त्यात मेहरची रक्कम असते आणि साक्षीदार असतात. या समाजांतल्या लग्नांचे पावित्र्य कागदामुळे उणे झाले असे कुणी म्हणेल का? वही नाही ती बहुसंख्य हिंदूंच्या लग्नात. मंगलाष्टके म्हणणारे गुरुजी दक्षिणा घेऊन पुढच्या मुहूर्ताला निघतात, त्यांच्याकडे कुठली नोंद राहत नाही. संस्काराचा अभिमान बाळगणाऱ्यांनी खरे तर ही उणीव सर्वांत आधी भरून काढायला हवी होती.

"नोंदणी पळून जाणाऱ्यांसाठी" हा आरोप तर सरळ दुटप्पी आहे. एक तर त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. मांडवात झालेल्या लग्नाची नोंद १९९८ च्या कायद्याखाली होते. विवाह अधिकाऱ्यापुढे होणारे लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली होते, आणि तिथे पळून जाणाऱ्याची सोय किती आहे? दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेले असावे, मग नोटीस द्यायची, ती कार्यालयात दर्शनी भागी लागणार, मग आणखी तीस दिवस थांबायचे, हरकत आली तर चौकशी. दोन सज्ञान माणसांची नावे, वये, पत्ते महिनाभर भिंतीवर. ज्यांच्या जिवाला घरूनच धोका आहे त्यांना ही नोटीस जीवघेणी ठरू शकते. म्हणूनच केरळने २०२० मध्ये नोटिसा संकेतस्थळावर टाकणे थांबवले आणि २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस प्रसिद्ध करणे ऐच्छिक ठरवले. ही अट जायला हवी. लग्नाआधीची नोटीस आणि लग्नानंतरची नोंद यांत फरक आहे: नोटीस लग्न अडवायला वापरतात, नोंद ते सिद्ध करायला.

आता दुटप्पीपणा बघा. आपल्या मुलाच्या लग्नात "सरकारचा काय संबंध" म्हणणारेच लोक दुसऱ्याच्या मुलीने जातीबाहेर लग्न केले की ग्रामसभेत ठराव मांडतात, की आईवडिलांच्या संमतीशिवाय नोंद करू नये. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेण्यासाठी समिती नेमली. आधी तिच्या कक्षेत आंतरजातीय विवाहही होते, टीका झाल्यावर ते वगळले. तेव्हा यांतल्या कुणाला लग्न ही खासगी, पवित्र, सरकारच्या कक्षेबाहेरची गोष्ट वाटली नाही. म्हणजे आपल्या घरातल्या बाईला कागद द्यायला नको, आणि आपल्या मुठीतून सुटलेल्या बाईला मात्र कागद मिळू द्यायचा नाही. दोन्ही भूमिकांमागे एकच इच्छा आहे: बाईच्या लग्नाचा पुरावा तिच्या हाती असता कामा नये.

ज्या महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुरोहिताशिवाय पहिले लग्न लावले, ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहांना कायद्याची मान्यता दिली, तिथे शंभर वर्षांनी पालकांच्या संमतीपत्राची मागणी होते, याची लाज वाटायला हवी.

बालविवाहाचा मुद्दाही इथलाच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. ही लग्ने गुपचूप होत नाहीत. मांडव पडतो, वाजंत्री वाजते, पंगत उठते. नोंद फक्त होत नाही, कारण अर्जावर वयाचा पुरावा जोडावा लागतो. गावात विवाहांचा निबंधक ग्रामसेवक आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही ग्रामसेवकच. नोंदणीचा आग्रह गावात रुजला असता तर मांडव घालण्याआधी वयाचा प्रश्न निघाला असता. "कागद कशाला" या वृत्तीच्या आडोशाला हे सगळे चालते, आणि तो आडोसा सुशिक्षितांनीच उभा केला आहे.

एवढा मोठा देश, इतके धर्म, इतक्या चालीरीती, सगळ्यांची नोंद कशी शक्य आहे? हा युक्तिवाद घरातल्या कर्त्याचाच नाही, भारत सरकारचाही आहे. १९९३ मध्ये स्त्रियांविरुद्धचे भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देताना सरकारने सक्तीच्या विवाह नोंदणीचे तत्त्व मान्य केले आणि विविधता व साक्षरतेचे कारण देऊन ते व्यवहार्य नाही असे नोंदवून ठेवले. शेजारचा गोवा याला उत्तर आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने हिंदू, कॅथलिक, मुसलमान सगळ्यांना नागरी निबंधकापुढे जावे लागते. आधी लग्नाचा इरादा जाहीर करून सही, काही दिवसांनी दुसरी सही. वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्तेत नवरा-बायकोचा वाटा निम्मा-निम्मा. आज पोर्तुगीज नागरिकत्व घेऊ पाहणारी गोव्याची तरुण मुले आईवडिलांच्या, आजी-आजोबांच्या लग्नाच्या नोंदी निबंधक कार्यालयातून काढून लिस्बनला पाठवतात, आणि त्या सापडतात. गोव्यात निरक्षर नव्हते? गोव्यात देवळे, मांडव, चालीरीती नाहीत? सावंतवाडीत अशक्य असलेली गोष्ट पेडण्यात शक्य कशी होते?

राहिली हेलपाट्यांची तक्रार. ती खरी आहे. माझ्याच नात्यातल्या एका जोडप्याला साक्षीदाराच्या पत्त्यातल्या एका अक्षरावरून परत पाठवले गेले, आणि दाराबाहेरच्या एजंटाने तोच अर्ज पैसे घेऊन दुपारपर्यंत मंजूर करून आणला. अशी वागणूक कुणाच्याही वाट्याला येऊ नये. पण दाखल्याला त्रास होतो म्हणून आपण मुलाच्या जन्माची नोंद सोडतो का? जमिनीचा फेरफार सोडतो का? जिथे आपल्याला किंमत वाटते तिथे आपण भांडतो. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणी दाखला त्याखालच्या सेवांमध्ये मोडतो. मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येते. किती जणांनी ते केले?

सरकारकडे मागायचेच तर हे मागा. ग्रामपंचायत, पालिका आणि विवाह अधिकारी या तिन्हींच्या नोंदींची राज्यभराची एकच सूची करा, आणि ती बाईच्या माहेरच्या नावावरूनही शोधता येऊ द्या. पत्ते, आधार क्रमांक सूचीत दाखवू नका. लग्न झाले आहे की नाही, कधी आणि कुठे, एवढेच पुरे. १९५३ पासूनच्या जुन्या वह्यांची छायाचित्रे घ्या, त्या वाळवीला मिळण्याआधी. मंगल कार्यालयाने मुहूर्ताची तारीख देताना नमुना 'ड' हातात द्यावा, गुरुजींनी अक्षता पडल्यावर तिथेच सही करावी. विशेष विवाह कायद्यातली भिंतीवरची नोटीस काढून टाका. यातले काही अशक्य नाही, आणि विधी आयोगाने २०१७ च्या २७० व्या अहवालात सक्तीच्या नोंदणीची शिफारस केलेलीच आहे.

तोवर कुणाची वाट पाहू नका. ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी नव्वद दिवसांच्या आत दोघांना घेऊन निबंधकाकडे जावे आणि प्रमाणपत्राची एक प्रत मुलीच्या स्वतःच्या ताब्यात द्यावी, सासरच्या कपाटात नव्हे. आपल्या आईवडिलांच्या लग्नाची नोंद झाली आहे का, तेही आजच विचारा. नसेल तर उशिराचे शुल्क भरून ती आजही करता येते. त्यासाठी दोघांनाही निबंधकापुढे हजर राहावे लागते, म्हणून दोघे हयात असेपर्यंतच ते सोपे आहे.